युरोपीय कंपनीचे आशियातील जनसंपर्काचे काम पणजीत बसून घ्यावे का?

मांडवीकाठ (पणजी)

सर्वांना नमस्कार. पणजीतील एका मराठी दैनिकाच्या वृत्तसंपादन विभागात अनेक वर्षे काम केल्यानंतर मी आता स्वतंत्रपणे जनसंपर्काची कामे करते. माझे ग्राहक म्हणजे काही हॉटेले, वेर्ण्यातील एक औषध कंपनी आणि हंगामात कार्यक्रम घेऊन येणारे आयोजक. मराठी, कोंकणी व इंग्रजीत प्रसिद्धीपत्रक लिहिणे, पाने लागण्याआधी ते त्या त्या डेस्कवर पोहोचवणे, पत्रकार परिषद घडवून आणणे आणि बातमीत चूक राहिली तर आदळआपट न करता खुलासा छापून आणणे, एवढ्या परिघात माझे बरे चालले आहे.

अलीकडे घरगुती जलशुद्धीकरण यंत्रे बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या युरोपीय कंपनीने माझ्याशी संपर्क साधला. येत्या वर्षात त्यांना भारत, सिंगापूर, इंडोनेशिया आणि जपान या चार देशांत उतरायचे असून चौघांसाठी मिळून एकच सल्लागार हवा आहे. त्यांच्या अपेक्षा अशा आहेत की, मुख्यालयात लिहिलेले एकच पत्रक चारही देशांच्या भाषांत उतरवून एकाच क्षणी प्रसृत करावे. दरमहा ठरावीक संख्येने बातम्या छापून आणण्याची हमी द्यावी आणि तेवढ्या जागेच्या जाहिरात दरावरून त्या बातम्यांचे मोल काढून दाखवावे. याशिवाय बार्देशमधील एका गावात प्रात्यक्षिक म्हणून मोफत पाण्याचे केंद्र उभारायचे आणि त्यानिमित्त तेथील सरपंच व दोन पत्रकार यांना कारखाना पाहण्यासाठी युरोपला न्यायचे, असाही त्यांचा बेत आहे. पत्रकाचा मसुदा माझ्याकडे आला आहे. त्याचे पहिलेच वाक्य असे आहे की, आशियातील कोट्यवधी कुटुंबांना नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येत नाही.

हे काम एकटीने घेण्यासारखे आहे का, घ्यायचे तर मानधन नेमके कशाचे आकारावे, आणि युरोमध्ये येणाऱ्या पैशांचा कर व हिशेब कसा ठेवावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

परतलेला म्हापसेकर

मांडवीकाठताई, काम अवश्य घ्या; मात्र ज्या रूपात ते तुमच्यापुढे ठेवले आहे त्या रूपात घेऊ नका. मी सिंगापूरमधील एका जनसंपर्क संस्थेत बराच काळ होतो आणि आता म्हापशातून तेच काम लहान प्रमाणावर करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेल्या त्या पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळा गोंधळ त्यातच आहे. सिंगापूरमध्ये नळाचे पाणी थेट पिता येते आणि त्या देशाला त्याचा सार्थ अभिमान आहे. मलेशियातून येणाऱ्या पाण्यावरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी त्यांनी सांडपाण्यावर प्रक्रिया करून २००३ मध्ये 'न्यूवॉटर' सुरू केले आणि ते पाणी लोकांच्या गळी उतरवण्यासाठी जी प्रचारमोहीम राबवली, ती आमच्या व्यवसायात आजही नावाजली जाते. अशा देशात जाऊन 'नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येत नाही' असे छापून आणले, तर पहिला फोन ग्राहकाचा येणार नाही, तेथील 'पब' या राष्ट्रीय जलसंस्थेचा येईल. शिवाय २०१९ पासून तेथे 'पोफ्मा' हा कायदा आहे, ज्याखाली सरकार एखाद्या खोट्या विधानासोबत दुरुस्तीची सूचना जोडण्याचा आदेश देऊ शकते. नव्याने बाजारात उतरणाऱ्या कंपनीला अशी सुरुवात परवडणार नाही. जपानमध्येही नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, त्यामुळे तेथे यंत्र विकायचे ते चवीसाठी, क्लोरीनचा वास घालवण्यासाठी किंवा प्लास्टिकच्या बाटल्या टाळण्यासाठी. भीती दाखवून ते विकले जाणार नाही. इंडोनेशियात मात्र चित्र उलटे आहे. तेथील शहरी घरांत १९ लिटरच्या जारचे पाणी सर्रास विकत घेतले जाते आणि १९७४ पासून बाजारात असलेला 'अ‍ॅक्वा' हा बाटलीबंद पाण्याचा ब्रँड घराघरांत पोहोचलेला आहे. म्हणजे तेथे तुमची स्पर्धा नळाशी नसून जारवाल्याशी आहे, आणि बातमीचा विषय आहे महिन्याचा घरखर्च. भारतात पुन्हा वेगळेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे आरओ यंत्रांच्या वापराला बंदी घालावी, असे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. ओपा किंवा साळावलीचे पाणी पिणाऱ्या गोव्यात तुमच्याच जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणीतरी पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न हाच विचारील की, आमच्या पाण्याला हे यंत्र लागतेच कशाला?

एका वाक्याची ही गत असेल तर पूर्ण पत्रकाचे काय होईल, ते आपण जाणता. मुख्यालयाने वस्तुस्थितीचा एक पक्का गाभा द्यावा, म्हणजे यंत्र काय करते, कोणत्या प्रयोगशाळेने तपासले, किंमत किती, दुरुस्तीची सोय कोठे. आणि बातमीचा विषय प्रत्येक देशात वेगळा ठरावा. तो ठरवण्याचे, आणि जे सांगू नये ते लेखी कारणांसह मुख्यालयाला कळवण्याचे काम तुमचे. माझ्या मते तुम्ही विकण्यासारखी खरी वस्तू हीच आहे.

आता जपान. तेथे मंत्रालये, पोलीस मुख्यालये, शेअर बाजार अशा ठिकाणी वार्ताहरांचे स्वतःचे कक्ष असतात, ज्यांना 'किशा क्लब' म्हणतात. टोकियो शेअर बाजारातील कक्ष 'काबुतो क्लब' या नावाने ओळखला जातो. कंपनीचा माणूस तेथे जाऊन प्रत्येक वृत्तसंस्थेच्या कप्प्यात पत्रकाची छापील प्रत टाकतो, ही तेथली जुनी रीत आहे. त्यानंतर वार्ताहराचा फोन येतो, तो जपानीत असतो, आणि त्याला मोघम उत्तरे चालत नाहीत: चाचणी कोणत्या मानकानुसार झाली, गाळणी किती लिटरनंतर बदलावी लागते, ती बदलून देणारा माणूस जपानमध्ये कोण आहे. पत्रकात '९९.९ टक्के जिवाणू नष्ट' असा काही दावा असेल तर तो विशेष जपून तपासा. तेथील ग्राहक व्यवहार संस्था अशा दाव्याचा आधार मागू शकते आणि तो सादर करण्यासाठी साधारणपणे १५ दिवसांची मुदत मिळते. आधार पुरेसा वाटला नाही तर दावा दिशाभूल करणारा ठरतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर जाहिरात असल्याचे न सांगता प्रसिद्ध करण्यावरही तेथे बंदी आहे. हे सर्व पणजीतून सांभाळता येणार नाही. जपानी भागीदार लागेलच, आणि तो स्वस्त मिळणार नाही, हे कंपनीला आधीच सांगून टाका.

एकाच क्षणी प्रसिद्धी करण्याचा आग्रहही सोडायला लावा. युरोपात उन्हाळ्यात सकाळचे ९ वाजतात तेव्हा पणजीत दुपारचे साडेबारा, जकार्तात २, सिंगापुरात ३ आणि टोकियोत ४ वाजलेले असतात. टोकियोतील सायंदैनिके तोवर छापून झालेली असतात. एकच दिवस आणि प्रत्येक ठिकाणची सकाळ, हे सूत्र ठेवा. गोव्यातून काम करण्याचा एक फायदा येथे होतो: टोकियोतील सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. लवकर उठण्याची सवय असेल तर आशिया जागा होत असताना तुम्ही कामावर असता आणि युरोप जागा होईपर्यंत अहवाल तयार असतो.

बातम्यांच्या संख्येची हमी देऊ नका. बातमी घ्यायची की नाही हे संपादक ठरवतो, आणि जे आपल्या हातात नाही ते विकणे म्हणजे उद्या पैसे देऊन बातम्या लावण्याची वेळ स्वतःवर ओढवून घेणे. जाहिरात दरावरून बातमीचे मोल काढण्याची पद्धत तर या व्यवसायाने स्वतःच २०१० च्या 'बार्सिलोना तत्त्वां'मध्ये मोडीत काढली आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की जाहिरातीचा दर हे जनसंपर्काचे मोल होऊ शकत नाही. कंपनीच्या जनसंपर्क प्रमुखाला हे ठाऊक असणार. बहुधा त्याच्या वरिष्ठांना आकडा हवा असतो, म्हणून तो मागतो. त्याला दुसरे काही मोजायला द्या: वितरकांकडून आलेल्या चौकश्या, कंपनीचे म्हणणे किती बातम्यांत अचूक आले, चुकीच्या बातम्यांची दुरुस्ती किती वेळात झाली.

मानधनाची माझी रचना अशी असते की, सल्ला व समन्वय यांचे मासिक मानधन माझे. प्रत्येक देशातील भागीदार संस्थेचा करार थेट ग्राहक कंपनीशी, आणि तिचे बिलही थेट तिकडे. मधले पैसे आपल्या खात्यातून फिरवू नयेत. दोन टक्के, पाच टक्के दलाली सुटली म्हणून वाईट वाटते खरे, परंतु जकार्तातील संस्थेचे बिल युरोपने अडवले की तिचा तगादा तुमच्या दारात येतो.

हिशेबनीस, मडगाव

म्हापसेकरबाबांनी सांगितलेली रचना कराच्या दृष्टीनेही योग्य आहे, ती का, एवढेच सांगतो.

परदेशातील ग्राहकाला दिलेली सेवा 'निर्यात' ठरण्यासाठी एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम २(६) मधील अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. सेवा देणारा भारतात, घेणारा भारताबाहेर, सेवेचे 'पुरवठास्थान' (सेवा जेथे दिली गेली असे कायदा मानतो ते ठिकाण) भारताबाहेर, आणि मोबदला परकीय चलनात आलेला, अशा त्या मुख्य अटी आहेत. त्या पुऱ्या झाल्या की निर्यातीवर शून्य दराने कर लागतो आणि नोंदणीकृत व्यक्तीला दर आर्थिक वर्षाच्या आरंभी आरएफडी-११ या नमुन्यात हमीपत्र भरून कर न भरता बिल करता येते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा गोव्यात वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे, आणि त्या उलाढालीत निर्यातही धरली जाते, हे पुष्कळ जण विसरतात.

अडचण येते ती 'मध्यस्थ' या व्याख्येमुळे. आपण स्वतः सल्ला देत असाल तर ती आपली सेवा. परंतु दोन पक्षांमध्ये उभे राहून दुसऱ्याची सेवा जुळवून दिली आणि त्यावर दलाली घेतली, तर आपण मध्यस्थ ठरू शकता. आणि त्याच कायद्याच्या कलम १३(८)(ब) नुसार मध्यस्थाच्या सेवेचे पुरवठास्थान मध्यस्थ जेथे असेल तेथेच मानले जात आले आहे. म्हणजे ग्राहक युरोपातला असूनही निर्यातीची सवलत जाते आणि १८ टक्के कर गळ्यात पडतो. हे उपकलम वगळण्याची शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये केली आहे, तेव्हा बिल करतेवेळी कायदा नेमका कोठे आहे ते आपल्या सीएकडून पाहून घ्यावे. करारात 'एजंट', 'वतीने', 'कमिशन' असे शब्द मुळातच येऊ देऊ नयेत, आणि भागीदार संस्थांची बिले आपल्या बिलात मिसळू नयेत.

पैसे बँकेत आले की बँक त्यामागचा हेतुसंकेत (पैसे कशाचे आले हे सांगणारा 'पर्पज कोड') विचारते. व्यवसाय व व्यवस्थापन सल्ला आणि जनसंपर्क सेवा यांच्यासाठी पी१००६ हा संकेत आहे. जाहिरात व व्यापार प्रदर्शनांसाठी पी१००७. घाईत काहीतरी तिसराच संकेत लिहिला जातो आणि पुढे निर्यातीचा पुरावा जुळवताना नाकी नऊ येतात. प्रत्येक रकमेचे परकीय प्रेषण प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि बिलाच्या मागेच लावून ठेवावे.

आता खास गोव्याची बाब. आपण विवाहित असाल आणि आपल्या विवाहाला येथील पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेची पद्धत लागू असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५अ प्रमाणे वेतन वगळता इतर उत्पन्न पती आणि पत्नी यांच्यात निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवावे लागते, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम ठेवण्यात आली आहे. व्यवसायाचे उत्पन्न त्यात येते. म्हणजे युरोमधील ही कमाई अर्धी आपल्या यजमानांच्या विवरणपत्रात जाईल, मात्र त्यांचा पगार असेल तर तो सर्वस्वी त्यांचाच राहील. मुंबई-पुण्याच्या सल्लागाराला ही तरतूद सहसा ठाऊक नसते, म्हणून गोव्यातलाच सीए बघा.

शेवटी, सरपंचांना युरोपला नेण्याचा बेत. तो आजच रद्द करायला लावा. विदेशी अंशदान नियमन कायदा, म्हणजे २०१० चा एफसीआरए, याच्या कलम ६ प्रमाणे विधिमंडळाच्या सदस्याला केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय परदेशात विदेशी पाहुणचार स्वीकारता येत नाही, आणि त्या कायद्यातील 'विधिमंडळ' या संज्ञेत पंचायतीचाही समावेश आहे. आपला सरपंच या व्याख्येत बसतो, हे त्याला स्वतःला तर नाहीच, पण बहुतेकांना ठाऊक नसते. पत्रकारांच्या प्रवासाला कलम ६ लागू होत नाही, परंतु कलम ३ खाली वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक किंवा मालक यांना विदेशी अंशदान घेण्यास मनाई आहे. त्यामुळे 'प्रवासाऐवजी रोख रक्कम देऊ' अशी पळवाट कोणी सुचवली तर तीही बंद समजा. कंपनीने आपल्याला दिलेले मानधन हा नेहमीच्या व्यवसायाचा मोबदला आहे. त्याला हा कायदा लागत नाही.

फोंड्याचा जुना वार्ताहर

वरील दोघांनी कामाचे सांगितले आहे. मी गावातल्या त्या पाण्याच्या केंद्राविषयी लिहितो, कारण माझ्या मते सर्वांत मोठा धोका तेथेच आहे, आणि कंपनीला तो दिसत नाही.

केरीच्या भूतखांब पठारावर थापर-ड्यूपाँट यांचा नायलॉन ६,६ प्रकल्प यायचा होता, हे फोंड्यातील माझ्या पिढीच्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. कंपनी जगातील मोठ्या रसायन कंपन्यांपैकी, दिल्लीची संमती हाती, तंत्रज्ञान उत्तम असल्याची ग्वाही, आणि तरीही गावाचा विश्वास बसला नाही. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण मृत्युमुखी पडला आणि त्याच वर्षी प्रकल्पाने गोव्यातून काढता पाय घेतला. पठारावरून पाणी खाली झऱ्यांना आणि विहिरींना जाते, ते नासले तर काय, हा लोकांचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर जाडजूड इंग्रजी अहवालांतून देण्यात आले. केरीच्या बाईला त्या अहवालाचा काय उपयोग? त्यानंतर २००७ च्या अखेरीस सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्रांच्या) प्रकरणातही सरकारला माघार घ्यावी लागली. गोव्यात परवानगी पणजीत मिळते आणि संमती ग्रामसभेत, हे परदेशी ग्राहकाला पहिल्या बैठकीतच समजावून सांगायला हवे.

आता तुम्ही म्हणाल की हे तर मोफत पाण्याचे केंद्र आहे, रसायनांचा कारखाना नव्हे. खरे आहे. पण ग्रामसभेत, जी बहुधा रविवारी सकाळी भरते, तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ हातात माहितीच्या अधिकारातून मिळवलेल्या कागदांची फाईल घेऊन उभे राहतील आणि विचारतील: जागा कोणाची, कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) की पंचायतीची? विजेचे बिल कोण भरणार? गाळणीतून निघणारे वाया पाणी कोणत्या शेतात सोडणार? दोन वर्षांनी कंपनी निघून गेली तर यंत्र कोणाच्या माथी? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे, मराठीत आणि कोंकणीत, तुमच्या पिशवीत असल्याखेरीज फीत कापण्याची तारीख ठरवू नका. कंपनीचा युरोपीय अधिकारी त्या दिवशी आला तर त्याला व्यासपीठावर बसवू नका, लोकांत बसवा आणि ऐकू द्या.

दुसरे उदाहरण मॅगीचे, आणि ते तुमच्या कामाला अधिक जवळचे आहे. नेस्ले ही स्वित्झर्लंडची कंपनी, आणि तिचा एक कारखाना आपल्या डिचोलीत. २०१५ च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातील तपासणीत मॅगीत शिसे प्रमाणाबाहेर आढळल्याची बातमी देशभर पसरली, तेव्हा कंपनीचा भर आपल्या प्रयोगशाळांच्या आकड्यांवर राहिला. आकडे कदाचित बरोबरही असतील. परंतु आई मुलाच्या ताटाकडे बघत विचारत होती आणि उत्तर मात्र तांत्रिक निवेदनातून येत होते. ५ जून रोजी कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के यांना दिल्लीत येऊन पत्रकारांसमोर बसावे लागले, त्याच दिवशी देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने विक्री थांबवण्याचा आदेश काढला. पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून नव्याने चाचण्या करायला लावल्या आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात आली. गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या गदारोळातच येथील नमुने ठीक असल्याचे सांगितले होते. पण तोपर्यंत गोष्ट दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कधीच गेली होती, तेथे डिचोलीचे कोण ऐकणार?

यातून तुमच्या करारासाठी एक कलम निघते. संकट उद्भवले तर भारतात कोण बोलणार, मुख्यालयाची मंजुरी किती तासांत मिळणार, आणि मुख्यालय झोपेत असेल तर तुम्ही स्वतःच्या अधिकारात किती बोलू शकता, हे आधी लिहून घ्या. ते लिहून द्यायला कंपनी तयार नसेल, तर तुम्ही सल्लागार नाही, टपाल पोहोचवणाऱ्या आहात, आणि त्या कामाचे मानधन वेगळे असते.

काबो ते कोबे

मी बंगळुरूच्या एका संस्थेत हेच काम करतो, आणि माझे मत वरील मंडळींपेक्षा थोडे निराळे आहे. चारही देशांचे समन्वयक होण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळावा, असे मला वाटते. भारत आणि सिंगापूर एवढेच घ्यावे. सिंगापुरात इंग्रजी चालते, 'स्ट्रेट्स टाइम्स'पासून 'तमिळ मुरसु'पर्यंत चारही अधिकृत भाषांची दैनिके एकाच माध्यमसमूहाची आहेत, वेळेचा फरक अडीच तासांचा आहे. जपान त्यांनी थेट तेथल्या संस्थेला द्यावे. ज्या देशातील बातमी आपल्याला वाचताही येत नाही, तेथील भागीदाराने पाठवलेल्या अहवालावर आपण सही कशाच्या बळावर करणार? यंत्रानुवादाने आशय कळतो, सूर कळत नाही.

परतलेला म्हापसेकर

काबो ते कोबे यांची शंका रास्त आहे, पण मला पूर्ण पटत नाही. युरोपीय ग्राहकाला जपानी संस्थेशी थेट बोलतानाही तीच अडचण येते. दोघांच्या मध्ये आशियातील रीतिभाती जाणणारा, प्रश्न विचारणारा माणूस असेल तर त्याला मोल आहे. मात्र सही 'समन्वय केला' एवढ्यापुरती असावी, 'मजकूर तपासला' अशी नसावी. इतका फरक करारात करता येतो.

मांडवीकाठ (पणजी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सल्ला मिळाल्यानंतर मी कंपनीला सुधारित प्रस्ताव पाठवला. त्यात पत्रकाचे पहिले वाक्य चार देशांत काय परिणाम करील, याचे दीड पानी टिपण जोडले, बातम्यांच्या संख्येची हमी काढून टाकली, सरपंचांच्या दौऱ्याविषयी कायद्याचे कलम उद्धृत केले आणि संकटकाळी बोलण्याच्या अधिकाराचे कलम घातले. कंपनीच्या जनसंपर्क प्रमुखांनी त्या टिपणाविषयी विशेष समाधान व्यक्त केले; दौरा त्यांनी स्वतःहून रद्द केला. हमीच्या मुद्द्यावर मात्र त्यांच्या विक्री विभागाशी अजून चर्चा चालू आहे. जपानसाठी त्यांनी टोकियोतील एका संस्थेशी थेट करार करण्याचे मान्य केले असून तिच्याशी समन्वय माझ्याकडे राहील.

एक नवी अडचण उभी राहिली आहे. जकार्तातील संभाव्य भागीदाराने जे अंदाजपत्रक पाठवले आहे, त्यात पत्रकार परिषदेच्या खर्चाखाली 'वार्ताहरांचा प्रवासभत्ता' अशी ओळ असून उपस्थित राहणाऱ्या प्रत्येकामागे ठरावीक रक्कम धरली आहे. तेथे ही रीतच आहे, असे त्यांचे म्हणणे. हे खरे आहे का, आणि ते स्वीकारावे का?

परतलेला म्हापसेकर

खरे आहे, स्वीकारू नये. पाकीट देण्याची ही चाल तेथे जुनी आहे, आणि तेथील पत्रकारांनाही ती एकमुखाने मान्य नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेली 'एजेआय' ही स्वतंत्र पत्रकारांची संघटना पाकीट नाकारण्याचा आग्रह धरत आली आहे, आणि प्रतिष्ठित वृत्तपत्रांच्या वार्ताहरांना ते घेण्यास त्यांच्या संस्थांचीच मनाई असते. म्हणजे तुम्हाला ज्यांची उपस्थिती हवी आहे ते पाकिटासाठी येत नाहीत, आणि जे पाकिटासाठी येतात त्यांच्या बातमीचा कंपनीला उपयोग नाही. त्याखेरीज 'अंतारा' ही सरकारी वृत्तसंस्था आहे. तिच्या वार्ताहराला दिलेले पाकीट उद्या सरकारी नोकराला दिलेली लाच म्हणून पाहिले जाऊ शकते. तुमच्या ग्राहकाचा ब्रिटनमध्ये व्यवसाय असेल, तर २०१० चा तेथील लाचलुचपत प्रतिबंधक कायदा खासगी व्यक्तीला दिलेली लाचही गुन्हा मानतो आणि देशाबाहेर घडलेल्या प्रकारालाही लागू होतो. कंपनीच्या विधी विभागाला ही ओळ दाखवली, तर पुढचा वाद तेच संपवतील.

भागीदाराला लिहिताना त्याच्यावर आरोप होईल अशी भाषा वापरू नका. तो त्याच्या बाजाराची पद्धत सांगतो आहे. ग्राहकाच्या धोरणात रोख भत्ता बसत नाही, एवढे कारण पुरे. त्याऐवजी कार्यक्रम मध्य जकार्तात, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांपासून फार लांब नसलेल्या ठिकाणी ठेवा, कारण तेथील वाहतूक कोंडीत अर्धा दिवस जातो आणि न येण्याचे खरे कारण बहुधा तेच असते. जेवण द्या, यंत्र उघडून दाखवा, जारच्या पाण्याशी तुलना करणारा खर्चाचा तक्ता इंडोनेशियन भाषेत द्या. तारीख रमजानच्या उत्तरार्धात येऊ देऊ नका. ईदच्या आधीच निम्मे शहर गावाकडे निघालेले असते आणि नंतरही आठवडाभर कोणी सापडत नाही. एवढे करूनही भागीदार ती ओळ काढायला तयार नसेल, तर दुसऱ्याकडून अंदाजपत्रक मागवा. जकार्तात आंतरराष्ट्रीय ग्राहकांची सवय असलेल्या, पाकिटाशिवाय काम करणाऱ्या संस्था आहेत; दर थोडा अधिक असतो, आणि तो ग्राहकाने द्यावा.